एक टक्क्याची मालकीण

दर ८ मार्चला सरकारला बायका आठवतात. २०२१ साली तर राज्याचा अर्थसंकल्पच ८ मार्चला मांडला गेला आणि तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी बायकांना भेट जाहीर केली. घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. योजनेला नाव दिलं 'राजमाता जिजाऊ गृहस्वामिनी योजना'. १ एप्रिल २०२१ पासून ती लागू झाली. बातमी आली त्या दिवशी आमच्या सल्ला केंद्रातल्या दोन तरुण कार्यकर्त्या पेढे घेऊन आल्या. मी पेढा खाल्ला, पण मला माझ्या पाटल्या आठवल्या.

ती गोष्ट आधी सांगते. मग सवलतीबद्दल बोलू.

१९९७ साली आम्ही नाशिकला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. नवऱ्याची नोकरी पक्की होती. मी बालवाडीत शिकवत होते आणि घरी शिवणकाम करत होते. बँकेनं त्याच्या पगारपत्रकावर कर्ज मंजूर केलं. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीतून थोडे पैसे काढले. सगळी जुळवाजुळव झाली असं वाटत असताना बिल्डरच्या माणसानं सांगितलं, "मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे वेगळे. ते कर्जात नाहीत. आठवड्यात भरावे लागतील." दोघांच्याही माहेरी-सासरी कोणाकडे रोख रक्कम नव्हती. मग माझ्या आईनं लग्नात घातलेल्या दोन पाटल्या आणि चार बांगड्या मोडल्या. सोनारानं रोख पैसे दिले, मी ते नवऱ्याच्या हातात दिले, आणि तो जाऊन भरून आला. कागदावर नाव एकच, त्याचं. मी विचारलं होतं. तो म्हणाला, "तुझं-माझं काय वेगळं आहे का?" तेव्हा मलाही तो प्रश्न प्रेमाचा वाटला होता.

२००८ साली आमचं फाटलं. मी मुलीला घेऊन आईकडे असताना त्यानं फ्लॅट विकला. माझी सही लागली नाही, कारण कायद्याला मी त्या घरात कोणीच नव्हते. कोर्टात हप्ते त्याच्या खात्यातून गेलेले दिसत होते. मुद्रांक शुल्काची पावती त्याच्या नावची. माझ्या वकीलबाईंनी विचारलं, "सोनं मोडल्याची पावती आहे का?" कोण घेतं पावती? घरासाठी सोनं मोडताना नवऱ्याविरुद्ध पुरावा जमवत बसणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. अकरा वर्षं ते घर मी झाडलं, पुसलं, त्यात मूल वाढवलं. पण माझं सोनं त्या घरात गेलं याचा एक चिटोराही माझ्याजवळ नव्हता.

हे माझ्या एकटीचं असतं तर लिहिलं नसतं. पण गेली चौदा वर्षं केंद्रात बसते आहे आणि हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. म्हणून म्हणते, मुद्रांक शुल्क हा विषय वकिलांचा आणि एजंटांचा म्हणून सोडून देऊ नका. तो बायकांचा विषय आहे.

हा कर असतो तरी काय?

घर घेताना सरकारला दोन रकमा द्याव्या लागतात. एक मुद्रांक शुल्क आणि दुसरी नोंदणी फी. कराराचा कागद कायद्याच्या दृष्टीनं ग्राह्य व्हायचा तर त्यावर पुरेसं शुल्क भरलेलं असावं लागतं. नाहीतर तो कागद कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कमी भरलं असेल तर राहिलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के दंड चढतो.

हिशोब असा. करारात लिहिलेली किंमत आणि सरकारच्या बाजारमूल्य तक्त्यातली, म्हणजे रेडी रेकनरची किंमत, यांतली जी जास्त असेल तिच्यावर शुल्क लागतं. आज पुणे महापालिका हद्दीत ते अधिभार धरून सात टक्के आहे, मुंबईत सहा टक्के. पुण्यात ५० लाखांचं घर पुरुषाच्या नावे घेतलं तर साडेतीन लाख, बाईच्या नावे घेतलं तर तीन लाख. वाचले ५० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. ती बाईलाही तेवढीच.

आता यातली मेख बघा. हे साडेतीन-चार लाख रोख उभे करावे लागतात. २०१२ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की कर्जाचं प्रमाण ठरवताना घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरू नका. २०१५ साली दहा लाखांपर्यंतच्या घरांना त्यातून सूट मिळाली. आज शहरात दहा लाखांत घर कुठे मिळतं? म्हणजे घराची किंमत बँक देणार, ती नवऱ्याच्या पगारावर, आणि तिची नोंद वीस वर्षं महिन्याच्या महिन्याला होत राहणार. शुल्काचे पैसे मात्र घरातून. घरातून म्हणजे कुठून? बायकोच्या डब्यातून, तिच्या बचत गटाच्या कर्जातून, तिच्या वडिलांकडून. १९९७ साली माझ्या घरी झालं तेच आजही होतं. बाईचा पैसा नेमका त्या जागी खर्च होतो जिथे त्याचा मागमूस राहत नाही. चलन निघतं खरेदीदाराच्या नावावर, आणि खरेदीदार कोण ते तुम्हाला माहीतच आहे.

नाव तिचं, घर कोणाचं?

आता म्हणाल, म्हणूनच तर सवलत आणली. बाईच्या नावे घर घेतलं की प्रश्न मिटला.

मिटला का? सवलतीची अट वाचा. खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच हव्यात. नवरा-बायको दोघांच्या नावे घर घेतलं तर एक रुपयाही सवलत नाही. म्हणजे ज्या घरात दोघंही हप्ते फेडणार आहेत, दोघांची नावं हवी आहेत, त्यांना सरकार सांगतं, एक तर पूर्ण शुल्क भरा नाहीतर एकाचं नाव काढा. दिल्लीत स्त्रीला कमी दर, पुरुषाला जास्त आणि दोघांच्या नावे असेल तर मधला दर आहे. मग आपल्याकडेच दोघांच्या नावाचं इतकं वावडं का?

आणि एकट्या बाईच्या नावे घेतलेल्या घराचं काय होतं, तेही केंद्रात पाहिलं. एक शाळेतली शिक्षिका आली होती. २०२२ साली तिच्या नावे फ्लॅट घेतला. नातेवाइकांत कौतुक झालं, वास्तुशांतीच्या पत्रिकेवर तिचं नाव आधी छापलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात करारावर सही झाली आणि त्याच दुपारी आणखी एका कागदावर तिचा अंगठा आणि फोटो घेतला गेला. ते होतं कुलमुखत्यारपत्र. घर विकण्याचे, गहाण टाकण्याचे, भाड्यानं देण्याचे सगळे अधिकार नवऱ्याला. "तुला कचेऱ्यांत खेटे नकोत म्हणून केलं," असं तिला सांगितलं. जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय असं मुखत्यारपत्र करायला मुद्रांक किती लागतो? ५०० रुपये. म्हणजे ५० हजार वाचवायला बाईला मालकीण केलं आणि ५०० रुपयांत ती मालकी परत काढून घेतली. तिला पत्ता लागला तो घरावर दुसरं कर्ज काढल्याची नोटीस आली तेव्हा.

यावर कायदा काय म्हणतो? १९८८ च्या बेनामी व्यवहार कायद्यात एक गोष्ट बाईच्या बाजूची होती. नवऱ्यानं बायकोच्या किंवा अविवाहित मुलीच्या नावे मालमत्ता घेतली तर ती तिच्याच हितासाठी घेतली असं कायदा धरून चालत होता, आणि तसं नसेल तर ते सिद्ध करायचं ओझं उलट सांगणाऱ्यावर होतं. २०१६ च्या दुरुस्तीनं ते गृहीतक गेलं. आता उत्पन्नाच्या ज्ञात मार्गातून बायकोच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी नाही, एवढंच कायदा म्हणतो. म्हणजे नवऱ्याला "नाव तिचं असलं तरी पैसे माझे, घर माझं" असं म्हणत कोर्टात उभं राहायची वाट मोकळी झाली. एकीकडे राज्य सरकार म्हणतं, बाईच्या नावे घ्या. दुसरीकडे केंद्राच्या कायद्यातून त्या नावामागचा आधारच काढून घेतला गेला.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. सुरुवातीला सवलतीसोबत एक अट होती. सवलत घेतलेलं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, विकलं तर वाचलेलं शुल्क दंडासह भरा. म्हणजे बाईचं नाव वापरून पुरुषच फायदा घेतील हा संशय सरकारलाही होता. पण बेडी कोणाला घातली? बाईला. नवरा वारलेली, नोकरी गेलेली, गाव बदलावं लागलेली एकटी बाईसुद्धा आपलं घर हव्या त्या गिऱ्हाइकाला विकू शकत नव्हती. २०२३ साली ती अट काढली, ते चांगलंच झालं. पण तिच्या जागी मुखत्यारपत्राला आळा घालणारं, बाईची मालकी राखणारं काहीही आलं नाही.

सोडायला शेकड्यात, मिळवायला लाखात

आता माहेरच्या घराकडे वळू. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच तशी दुरुस्ती केली होती, देशभर ती २००५ साली आली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नाही याच्याशी त्या हक्काचा संबंध नाही. कागदावर केवढा मोठा विजय!

पण प्रत्यक्षात काय होतं? वडिलांचे दिवस झाले की भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो. "ताई, इथे सही कर, सात-बारा लवकर होईल." साडीचोळी होते, वहिनी गोड बोलते, आई डोळ्यांनी विनवते. नाही म्हणाली तर माहेर तुटतं. आणि या कागदाला मुद्रांक किती? ऑक्टोबर २०२४ पर्यंत २०० रुपये होता, आता ५००. बाईनं आपला लाखो रुपयांचा हक्क सोडायचा तर सरकार ५०० रुपयांत मोकळं करतं. तिनं स्वतःचं घर घ्यायचं तर तीन लाख.

कोणी म्हणेल, नात्यातल्या कागदाला शुल्क कमी असणं चांगलंच की. बरोबर. मग त्याच नात्यात उलट्या दिशेचा कागद का होत नाही? २०१५ पासून राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्रानं द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीत त्यावर स्थानिक अधिभार लागतो, पण पुन्हा पूर्ण शुल्क भरावं लागत नाही. "आता नाव लावायचं म्हणजे परत मुद्रांक भरावा लागेल, कशाला पैसे घालवायचे?" हे जे नवरे ऐकवतात ते खोटं आहे. बहिणीची सही घ्यायला ज्या कचेरीची वाट सापडते तीच वाट बायकोच्या नावासाठी सापडत नाही. अडचण पैशाची नसतेच, मैत्रिणींनो. अडचण असते द्यायची.

आणि द्यायचं ठरवलं तर देता येतं हेही आपण पाहिलं आहे. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. तेव्हा कोणती एक टक्का सवलत होती?

वस्तीतल्या बाईचं काय?

सवलत ५० हजारांची, पण ती कोणाला? जिच्या घरात ५० लाखांचं घर घ्यायची ऐपत आहे तिला. धुणीभांडी करून तीन लाखांची खोली घेणाऱ्या बाईला शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून कागद मिळतो. त्याची दुय्यम निबंधकांकडे नोंद नाही, त्यामुळे सवलतीचा प्रश्नच नाही. उद्या वस्ती उठली की तो कागद ती पदराला बांधून हिंडते.

पण एक गंमत बघा. झोपडपट्टी पुनर्वसनात सदनिका मिळते ती पती-पत्नी दोघांच्या नावे. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर घरातल्या बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावं, असा नियम आहे. म्हणजे गरिबाला सरकार दटावून सांगू शकतं की बायकोचं नाव लाव. कारण तिथे सरकार देणारं आहे. पैसेवाल्याला मात्र विनवणी, "बाईचं नाव लावलंत तर एक टक्का सोडू." बाईचा हक्क गरिबाच्या घरात नियम होतो आणि श्रीमंताच्या घरात सवलत, हे कोणत्या न्यायात बसतं?

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि घर विकायचं तर दोघांची सही लागते. त्या कायद्यातही खोटी आहेत, पण नाशिकचा माझा फ्लॅट गोव्यात असता तर माझ्या सहीशिवाय विकला गेला नसता.

"पण हप्ते तर तो फेडतो ना?"

शिबिरांत हा प्रश्न हमखास येतो, आणि दुःख याचं की बायकाच विचारतात. उत्तर सोपं आहे. तो बाहेर दहा तास राबू शकतो, कारण घरात कोणीतरी चौदा तास राबतं. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं हेच मान्य केलं की घर सांभाळून बायकोनं संसारात भर घातलेली असते, आणि नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिला अर्धा वाटा दिला. न्यायाधीशांना जे दिसलं ते नोंदणीच्या टेबलावर का दिसू नये?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला सामाईक घरात राहायचा हक्क दिला. तो आम्ही रोज वापरतो, त्याचं मोल जाणतो. पण राहायचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. आपल्याला आसरा नको आहे, वाटा हवा आहे.

सवलत घेऊ नका असं मी म्हणत नाही. जिला मिळते तिनं जरूर घ्यावी. पण एवढ्यावर गप्प बसायचं नाही. आपल्या मागण्या स्वच्छ असायला हव्यात:

१. पती-पत्नीच्या संयुक्त खरेदीतही बाईच्या हिश्शापुरती सवलत मिळाली पाहिजे.
२. लग्नानंतर घेतलेलं राहतं घर, नाव कोणाचंही असो, विकताना किंवा गहाण टाकताना दोघांची सही सक्तीची हवी.
३. बाईच्या नावच्या घराचं मुखत्यारपत्र किंवा बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी निबंधकांनी तिला एकटीला बसवून, तिच्या भाषेत समजावून, तिची संमती लिहून घ्यावी.
४. घरासाठी कोणी किती पैसे घातले, स्त्रीधनासकट, याचा रकाना करारात असावा.

आणि कायदा बदलेपर्यंत आपण काय करायचं? मुद्रांक शुल्कासाठी तुमचा पैसा जात असेल तर तो रोख देऊ नका, तुमच्या खात्यातून भरा. सोनं मोडलं तर सोनाराची पावती तुमच्या नावे घ्या आणि नवऱ्याच्या कपाटात नव्हे, मैत्रिणीकडे ठेवा. करारात स्वतःचं नाव आणि हिस्सा लिहून घ्या. सोसायटीत वारस म्हणून नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे ध्यानात ठेवा. सूची क्रमांक दोनची प्रत स्वतः काढून आणा. खरेदीच्या दिवशी दुसरा कोणताही कागद पुढे आला तर म्हणा, "उद्या वाचून सही करते." ज्यांनी मुखत्यारपत्र देऊन टाकलंय त्यांनी घाबरू नये, ते नोंदणी करून रद्द करता येतं. तशी लेखी सूचना नवऱ्याला, सोसायटीला आणि बँकेला द्या. जमत नसेल तर जवळच्या सल्ला केंद्रात जा.

ती शिक्षिका आमच्याकडे आली तेव्हा पुढच्याच आठवड्यात आम्ही चौघी तिच्यासोबत गेलो आणि मुखत्यारपत्र रद्द करून आलो. घरावरचं कर्ज अजून आहे, भांडण चालू आहे. पण आता तिच्या सहीशिवाय ते घर हलणार नाही. परवा ती म्हणाली, "बाई, माझ्या नावावर घर होऊन तीन वर्षं झाली, पण मालकीण मी त्या दिवशी झाले."

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीनं आपल्या घराचा कागद घेऊन यायचा. कोणाच्या नावावर आहे, शुल्क कोणी भरलं, पैसे कुठून आले, हे मोठ्यानं वाचायचं. जिला कागदच सापडणार नाही तिनं तसं सांगायचं. माझ्या अंदाजानं त्या दिवशी बैठक लवकर संपणार नाही.